बीपी झाला? पावती घेऊन ठेवजा

फौजी भाऊ, रिटायर व्हायला अजून दोनचार वर्षं असतील अन् नोकरीत लागलेल्या आजाराची अपंगत्व पेन्शन पाह्यजे असन त आत्तापासूनच एक काम करा, आजारी कुठं पडायचं ते ठरवून घ्या. बीपी व्हायचाच असन त सियाचीनमध्ये होऊ द्या, नाहीतर एखाद्या फिल्ड एरियात (बॉर्डरकडच्या धोक्याच्या भागात), पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) चुकूनही नको. 15 वर्षं बर्फात अन् बॉर्डरवर काढून पीस पोस्टिंगवर आले, डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला अन् बीपी वाढेल निघाला, की झाला तुमचा गेम, फौजेच्या डॉक्टरायचं मेडिकल बोर्ड फॉर्मवर लिहून मोकळं, सुरुवात पीस स्टेशनला, सेवेशी संबंध नाही, म्हंजे पेन्शन नाही. बर्फ तोवर वितळून गेला असते.

भरतीच्या वेळी तुमचे दात मोजले, छाती फुगवून टेप लावला, कानात बॅटरी मारली, गुडघ्याला गुडघा लागते का तेही पाह्यलं अन् मग फिटचा शिक्का मारला. निघताना मात्र हा आजार तुमच्या घराण्यातलाच! म्हणून आजोबाचा बीपीचा रिपोर्ट जवळ ठेवजा. आजोबा पऱ्हाटीत डवरे हाकता हाकताच गेले, त्यायचा बीपी कोणी कधी पाह्यलाच नाही, ही सबब चालत नाही बाप्पा.

गावातला एखादा शिकेल पोट्टा मोबाईल काढून सांगन की 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंगच्या केसमध्ये म्हटलं आहे, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसन त जवान धडधाकट होता असंच धरायचं, सिद्ध करायचा भार त्याच्यावर नाही, शंकेचा फायदाही त्यालाच. चहा पाजा त्याले. पण निकाल फाईलनं वाचला पाह्यजे ना!

अन् बोर्ड अपंगत्वाचे टक्के लावते, त्याचं ध्यान ठेवजा, पेन्शन पाह्यजे त 20 टक्क्याच्या खाली दुखायचं नाही. 19 टक्के दुखलं त ते तुमचं घरगुती दुखणं.

बाकी किरकोळ आहे. पहिलं अपील नामंजूर, दुसरं नामंजूर, मग मुंबईले ट्रिब्युनल, म्हंजे फौजी केसायचं कोर्ट, आहेच, अकोल्याहून रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. फक्त गुडघ्याची केस असन त वरच्या बर्थवर चढताना कोणाला दिसू नका. जिंकले तरी पेढ्याची ऑर्डर देऊ नका, अशा केसा सरकार हायकोर्टातही नेते. तोवर गोळ्या टायमावर घेत जा, पण तेही जपून, बीपी लय कंट्रोलमध्ये आला त टक्के कमी करतीन.