बोटीवरून उतरलात की वाटायला वस्तू आणू नका

दिवाळी सरली की आमच्या बडोद्यात क्रूझचा मोसम सुरू होतो. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, कुठल्याही मराठी घरात विचारा, कुणीतरी नुकतं जाऊन आलेलं असतं नाहीतर जायच्या तयारीत असतं. रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून बोट, मग गोवा, कोची, लक्षद्वीप. जरूर जावं, समुद्र बघावा. माझी तक्रार आहे ती येताना सोबत येणाऱ्या पिशवीबद्दल. काकूंना एक, मामींना एक, ऑफिसात सहा, शेजारी दोन, भिशीच्या मैत्रिणींना दहा. फ्रीजला चिकटवायची हाऊसबोट, प्लास्टिकचा कथकलीचा मुखवटा, कीचेन. घेणारा "अरे वा" म्हणतो आणि महिन्याभरात ती वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. बंदरावर वाटायला वस्तू घेऊच नयेत. घरासाठी एकच घ्यावी, आणि ती कुणी केली, कुठे केली, कशी केली हे विचारून घ्यावी. उत्तर मिळालं नाही तर खुशाल हात हलवत परत यावं.

वीस वस्तू घ्यायच्या ठरल्या की आधी किंमत ठरते, वस्तू नंतर. पन्नासच्या वर जायचं नाही म्हटलं की त्या पैशांत साच्यातून निघालेला मालच बसतो. गोव्यात त्याच्यावर गोवा लिहिलेलं असतं, कोचीत कोची. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, आपण मागतो तेच तो ठेवतो. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. तेवढ्या वेळात शेकडो माणसं एकाच रस्त्यावर उतरतात आणि सगळ्यांना घड्याळ बघत काहीतरी घ्यायचं असतं. या घाईत कारागीर कधीच टिकत नाही. त्याच्याकडे दहा वस्तू असतात, शंभर नसतात.

कोचीचंच सांगते, कारण आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथेच उतरतात. बोट लागते विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं, आणि तिथे दुकानं शोधायला जाण्यात अर्थ नाही. बस नाहीतर रिक्षा फोर्ट कोची आणि मट्टनचेरीला नेते. मासेमारीची चिनी जाळी, चर्च, १५६८ सालचं 'परदेशी' सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बघून होतं आणि मग चालक आपणहून एका मोठ्या, वातानुकूलित एम्पोरियमसमोर गाडी उभी करतो. आत काश्मिरी शाली, राजस्थानी कठपुतळ्या, चंदनाच्या नावाखाली साधं लाकूड. तिथे गिऱ्हाईक नेलं की चालकाला कमिशन मिळतं. त्याच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही, पण आपण मट्टनचेरीला येऊन जोधपूरची बाहुली कशाला घ्यायची?

त्याच मट्टनचेरीत गुजराती रोड आहे, हे किती बडोदेकरांना माहीत असेल? पिढ्यान्‌पिढ्या व्यापारासाठी येऊन राहिलेली गुजराती कुटुंबं, त्यांची देवळं, त्यांची शाळा. मी तिथे एका मसाल्याच्या दुकानात गुजरातीत बोलायला लागले तशी गादीवरच्या वयस्क काकांनी मान वर केली. "क्यांथी आव्या?" म्हणाले. वडोदरा म्हटल्यावर स्टूल पुढे केलं. मी त्यांना विचारलं, इथलं, या मातीतलं, हाताने केलेलं घ्यायचं असेल तर काय घेऊ? त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "आरन्मुळानो अरीसो." आणि वर बजावलं, की रस्त्यावर नाही, सरकारी दुकानात बघा, आणि घ्यायच्या आधी आरशाला बोट लावून बघा.

बोट लावून बघण्याची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आरन्मुळा हे पथनमथिट्टा जिल्ह्यातलं गाव. तिथली काही विश्वकर्मा कुटुंबं काचेचा नव्हे, धातूचा आरसा करतात. तांबं आणि कथील वितळवून मातीच्या साच्यात ओततात. प्रमाण किती, हे घराबाहेर जात नाही. साचा फोडून निघालेली चकती मळकट असते. ती दिवसच्या दिवस घासायची, आधी भरड, मग मऊ कापडावर, तोंड दिसेपर्यंत. मग ती पितळी चौकटीत बसते. आपल्या घरातल्या आरशात पाऱ्यासारखा थर काचेच्या मागे असतो, म्हणून नखाचं टोक काचेला टेकवलं तरी नख आणि प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट राहते. आरन्मुळाच्या आरशात प्रतिबिंब थेट पृष्ठभागावरच पडतं. नख टेकवलं की समोरचं नख येऊन भिडतं, मध्ये काहीच नाही. मी सरकारी दुकानात काउंटरपाशी उभी राहून हे करून बघितलं आणि अंगावर काटा आला. आरसा तळहातापेक्षाही लहान होता आणि स्वस्त मुळीच नव्हता. वाटायच्या सगळ्या वस्तूंचे पैसे त्या एकात गेले. पडला तर तडकतो, म्हणून बोटीवर मी तो कपड्यांच्या घडीत ठेवला होता.

सरकारी दुकान म्हणजे केरळच्या हस्तकला महामंडळाचं 'कैरळी'. हातमागासाठी 'हॅन्टेक्स' आणि 'हॅनव्हीव'. ही दुकानं एर्नाकुलमच्या बाजूला आहेत, थोडी वाट वाकडी करावी लागते. चर्चसमोर फोटो काढायला अर्धा तास देतो, तो इकडे द्यावा. तिथे घासाघीस चालत नाही हेही मला बरं वाटतं. एम्पोरियममध्ये सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर आणून आपण जिंकल्यासारखे बाहेर पडतो, पण ती किंमत निम्मी करण्यासाठीच दुप्पट लावलेली असते. आणि करणारा माणूस स्वतः समोर बसला असेल तर मी भाव करत नाही. परवडत नसेल तर लहान घेते किंवा घेत नाही. त्याच्या मजुरीतून कमी करून आपल्या सहलीचा खर्च भागवायचा, हे मला पटत नाही.

आता हे सगळं बडोद्यात बसून का लिहिते आहे? कारण विचारायचं कसं, बघायचं कसं हे आपण घराजवळ शिकू शकतो, आणि शिकत नाही. डभोईच्या पुढे, गाडीने तासाभरावर संखेडा आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत संखेड्याचा झोपाळा आहे, पाळणा आहे, लग्नात आलेला सोफा आहे. नवरात्रात हातात दांडिया तिथल्याच असतात. पण तिथे जाऊन खराडी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांच्या कारखान्यात उभं राहिलेली माणसं मला बोटांवर मोजण्याएवढी भेटली.

एकदा उभं राहून बघा. सागवानाचा पाय संघाड्यावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरत असतो. कथील कुटून सरसात कालवलेली लगदी असते. कारागीर तिच्यात बारीक कुंचला बुडवून नक्षी काढतो, खाली पेन्सिलीची रेघ नाही, छाप नाही. फिरत्या लाकडावर हात फक्त टेकवतो आणि वळसा पूर्ण होतो. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घासली की नक्षी चांदीसारखी चमकते. मग लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, ती केवड्याच्या पानाने सारखी पसरवायची. आणि लाखेच्या पिवळट थराखाली ती चांदी बघता बघता सोनं होते. सोन्याचा कणही न वापरता. हे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला बाजारातला नुसता रंग फवारलेला पाय कुणी 'संखेडा' म्हणून विकू शकत नाही. हाताच्या नक्षीत दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात, छापाच्या नक्षीत असतात. ही एक गोष्ट कळली की कोचीत, गोव्यात, कुठेही उपयोगी पडते.

केरळ आणि बडोदा यांचं नातं तसं जुनं आहे. त्रावणकोरचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. तंजावरकडचे मराठीच. राजा रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे, त्यांची चित्रं आज आपल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये आहेत. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातांना हुन्नर यावं म्हणूनच. अशा गावातून गेलेल्या माणसाने तिथून प्लास्टिकचा मुखवटा आणावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती अलास्काच्या क्रूझवर गेली होती. तिथे बोटीवरच कुठल्या दुकानात जावं याची माहिती देणारा कार्यक्रम असतो. मोठ्या अमेरिकन क्रूझवर अशा शिफारस केलेल्या दुकानांनी जाहिरातीचे पैसे भरलेले असतात आणि ते बारीक अक्षरात छापलेलंही असतं. पण अलास्का राज्याने तिथल्या मूळ निवासी कारागिरांच्या वस्तूंसाठी 'सिल्व्हर हँड' नावाची खूण ठेवली आहे, चंदेरी हाताची. शिवाय बाहेर बनलेली वस्तू मूळ निवासींची म्हणून विकणं हा अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. बहिणीने ती खूण बघून एक छोटी टोपली घेतली.

आपल्याकडेही खुणा आहेत. भौगोलिक मानांकनाचा (जीआय) कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. आरन्मुळाच्या आरशाला मानांकन आहे, संखेड्याच्या फर्निचरलाही आहे. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून हॅन्डलूम मार्क आहे. पण दुकानाच्या पाटीवर 'जीआय' रंगवलं म्हणजे आतला माल तो ठरत नाही. मानांकन सांगतं ते ठिकाण आणि पद्धत. म्हणून वस्तूवर लेबल आहे का बघायचं आणि कारागिराचं किंवा संस्थेचं नाव बिलावर लिहून मागायचं. खरं विकणारा आनंदाने लिहून देतो.

प्रवाळाच्या माळा आणि तुकड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लक्षद्वीपला जाणारे हमखास उचलतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ संरक्षित आहे. विकतही घेऊ नका, किनाऱ्यावरून उचलूनही आणू नका.

"मग रिकाम्या हाताने यायचं का? लोक काय म्हणतील?" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. वाटायला खायचं आणा. मट्टनचेरी हा मिरी, वेलची, सुंठ, जायफळाचा बाजार आहे. खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स आणा. पावशेर मिरी दहा पुड्यांत बांधली तर दहा घरांत वापरली जाते, आणि पैसा शेतकऱ्यापर्यंत काही अंशी तरी पोचतो. माझ्या सासूबाईंना मॅग्नेटपेक्षा वेलची आवडली होती.

एक अपवाद मात्र मी जरूर करेन. कोचीच्या उत्तरेला चेंदमंगलम हे विणकरांचं गाव आहे. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात तिथले माग पाण्याखाली गेले आणि ओणमसाठी विणून ठेवलेल्या साड्या चिखलात भिजल्या. त्या साड्या धुऊन, निर्जंतुक करून, कापून स्वयंसेवकांनी लहान बाहुल्या केल्या, नाव 'चेकुट्टी'. एका साडीतून साडेतीनशेच्या वर बाहुल्या निघायच्या, एकेक पंचवीस रुपयांना विकली गेली आणि पैसे विणकरांकडे गेले. त्या बाहुलीवरचे चिखलाचे डाग तसेच ठेवलेले असायचे. अशी वस्तू मिळाली तर वीस घ्या, पंचवीस घ्या आणि घरोघरी वाटा, प्रत्येकाला ती गोष्ट सांगून.

या मोसमात ज्यांचं बुकिंग झालं आहे, त्यांनी निघायच्या आधी एक रविवार संखेड्यासाठी काढावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या ओळखीचे कारागीर काम दाखवायला कधी नाही म्हणत नाहीत, फक्त सकाळी जावं, दुपारी भट्टीसारखं तापतं. मी या महिन्यात जाणारच आहे, गाडीत जागा आहे. येणार असाल तर खाली लिहा.