नुसती झाडंच आहेत

आज डोकं जाम तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी न वाचता लाईक करून पुढे जा. मी ओळखते तुम्हाला.

भाचीची ओवी, वय वर्षं सात, शनिवारपासून आमच्याकडे आहे. तिला पेंग्विन बघायचे होते. म्हटलं, चला राणीच्या बागेत. (१९६९ पासून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, माहीत आहे मला, पण लालबागमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडात राणीची बागच येते.) डोंबिवलीहून गाडी पकडली, भायखळ्याला उतरलो, रविवारच्या त्या अफाट गर्दीत रांग लावली आणि आत गेलो.

आत मी तिला आधी गोरखचिंचेकडे नेलं. आमच्या घरातला रिवाजच आहे तो. झाडाखाली उभ्या आहोत, तेवढ्यात मागून एक गृहस्थ आले. बायको, दोन मुलं, काठी टेकत चालणारी म्हातारी आई, असा सगळा लवाजमा. मोबाईलवर कुणाला तरी सांगत होते, "अरे इकडे नका येऊ, इकडे काही नाही. नुसती झाडंच आहेत." फोन ठेवला, वर बघितलं आणि बायकोला म्हणाले, "हे तर मेलंय. पडलं कुणाच्या अंगावर म्हणजे? तोडत का नाहीत?"

नुसती. झाडंच. आहेत.

अहो, बाग आहे ती! १८६२ साली लेडी फ्रियरच्या हस्ते उघडली ती बाग म्हणून. त्याआधी शिवडीला एक बाग होती, ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि झाडांचा संसार भायखळ्याला आला. प्राणी मागाहून आले. म्हणजे घर झाडांचं, वाघ-अस्वलं पाहुणी. आणि आपण पाहुण्यांना बघायला येऊन घरच्यांना म्हणतोय, तुम्ही वाटेतून सरका.

माझ्या तोंडून निघालंच. "मेलं नाहीये हो ते. फेब्रुवारी आहे, पानं गळलीत." आमचे हे म्हणतात, माझा तो आवाज ऐकला की दूधवालाही हिशेब नीट करतो.

ते झाड मला एवढं का लागतं, ते सांगते. १९८२ चा गिरणी संप. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते. जानेवारीत गिरणी बंद झाली ती झालीच. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं, महिन्या-दोन महिन्यांत सुटेल. मी आठ वर्षांची. दादा, ताई आणि मी, तिघं दिवसभर घरात, आणि अण्णाही घरात. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसाढवळ्या बसलेले अण्णा आम्ही कधी बघितलेच नव्हते. आईला ते बघवायचं नाही. मग रविवारी ती फडक्यात चपात्या, लसणीची चटणी आणि गुळाचा खडा बांधून द्यायची आणि अण्णा आम्हाला घेऊन बागेत चालत जायचे. लालबागहून चिंचपोकळी, पुढे भायखळा. बसचे पैसे वाचवायचे होते, पण आम्हाला सांगायचे, "चालल्याने भूक लागते."

हत्तीवर बसायला पैसे पडायचे, त्यामुळे हत्तीच्या बाजूला जायचंच नाही. अण्णा आम्हाला सरळ गोरखचिंचेपाशी न्यायचे. म्हणायचे, "मापा बरं." आम्ही तिघं आणि ते, हाताला हात धरून झाडाला वेढा घालायचो. गाल त्या सालीला टेकलेला. थंड असते ती साल, राखाडी, हत्तीच्या पायासारखी सुरकुतलेली. दरवेळी एका माणसाची जागा उरायची. अण्णा पलीकडून ओरडायचे, "अजून एक माणूस हवा!" आणि आम्ही हसत सुटायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, आता सांगता येत नाही.

असो. पेंग्विनकडे येते.

२०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आले. हंबोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथल्या थंड प्रवाहातले. आपल्याकडे त्यांच्यासाठी काचेमागे गारवा सांभाळावा लागतो. बाहेर आपण घामाघूम, आत ते तुरुतुरु. ओवी खूश. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू? पाण्यात सूर मारताना एवढे देखणे दिसतात की बघत राहावं. पण काचेवर बुक्क्या मारणारे बाप बघितले आज. मुलं नव्हे, बाप! "ए इकडे बघ, ए!" असं पेंग्विनला मराठीत दरडावत होते.

मराठीवरून आठवलं. मध्यंतरी पेंग्विनच्या पिल्लांना मराठी नावं द्या अशी मागणी झाली होती. द्या की, माझं काय जातंय. पण त्याच बागेत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, कृष्णवड आहे, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. एवढी मराठमोळी नावं आयती लटकलीत, ती कोण घेतं? उर्वशी आज फुलली होती. लांब दांड्यांवरून लाल फुलं खाली सोडलेली, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. तिच्या खाली उभं राहून एक जोडपं सेल्फी काढत होतं आणि फुलं फोटोत येत नव्हती! कॅमेरा खाली धरला होता ना, मागचा फलक यायला हवा होता.

बरं, पेंग्विनमुळे माणसं येतात, हे मान्य. बाग पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, हेही मान्य. लिहिलं, झालं. तिकीट मात्र २०१७ मध्ये पाचाचं पन्नास झालं. आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभर. आपल्याला शंभर काही नाहीत, नाक्यावर भेळ-पाणीपुरीत उडतात. देखभालीला पैसा लागतो, तेही कळतं. तरी रांगेत पैसे काढताना मला अण्णाच दिसले. संपातले अण्णा आज त्या खिडकीपाशी उभे राहिले असते, तर खिशात हात घालून, आम्हाला म्हणाले असते, "चला, आज म्युझियमचा हत्ती बघू." बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमपाशी आहे तो, घारापुरीचा दगडी हत्ती. इंग्रज विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना मोडला, तो जोडून तिथे उभा केलाय.

आणखी एक पात्र बागेत आहे, काळा घोडा, म्हणजे घोडेस्वाराचा पुतळा. १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणला. तिकडे कित्येक वर्षं घोडा नसतानाही त्या भागाला सगळे काळा घोडाच म्हणत राहिले (२०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा नवा घोडा बसवला) आणि इकडे मूळचा घोडा उभा आहे तर त्याला कुणी विचारत नाही. ओवीने विचारलं, "वर कोण बसलंय?" म्हटलं, इंग्लंडचा राजा. "मग राणी कुठाय?" उत्तर सुचलं नाही.

आता राग थोडा उतरलाय, तर हेही लिहून टाकते. मी काही मोठी झाडवाली नाही. ओवीला एका झाडाकडे बोट दाखवून ठासून बकुळ सांगितलं, जवळ जाऊन पाटी वाचली तर भलतंच निघालं. लहानपणी आम्ही माकडांना शेंगदाणे फेकायचो आणि पुडी अण्णाच घेऊन द्यायचे. तेव्हा कुणी अडवायचं नाही. म्हणजे काचेवर बुक्क्या मारणाऱ्यांवर मी किती ओरडायचं, हा प्रश्नच आहे. (तरी ओरडलेच.)

आणि ते गृहस्थ. मी तडकल्यावर वाटलं, आता हेही उलट बोलणार. ते खाली बघत म्हणाले, "असं होय? मग पानं कधी येतात?" म्हटलं, पावसाच्या तोंडावर. त्यांच्या आईने काठी मुलाकडे दिली, पुढे होऊन खोडावर हात ठेवला आणि गावच्या कुठल्याशा झाडाचं काहीतरी सांगायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, वाघ बंद होईल, चल." वाघ बंद होईल! तरी ती मिनिटभर हटली नाही.

तेवढ्यात मी आणि ओवीने मापायला सुरुवात केली होती. दोघींचे हात ते किती पुरणार? पलीकडे ते सगळं कुटुंब उभं होतं, चांगली पाच माणसं. "जरा हात देता का" एवढंच म्हणायचं होतं. पण नुकतीच त्यांच्यावर डाफरले होते ना, जीभ उचलली नाही. ते वाघाकडे गेले.

संध्याकाळी गाडीत ओवीला विचारलं, काय आवडलं? "पेंग्विन." अर्थात.

दादा, ताई, तुम्ही हे वाचत असाल तर फोन करा. आपण मापायचो ते नक्की हेच झाड होतं ना? मला आज थोडं बारीक वाटलं. येत्या रविवारी जमतंय का सांगा, बुधवारी बाग बंद असते. दादा, सुनेला आणि नातवालाही आण. चपात्या मी करते.