‘टाकी फक्त फोटोत पाहिली असावी’ या वाक्याला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर भाषा वेगळी झाली असती, म्हणून थांबले.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मासे पाळायच्या ६० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला सुरुवातीचा क्लीनअप क्रू म्हणून, म्हणजे शेवाळ आणि सांडलेलं खाणं खाणारे जीव म्हणून, सहा गोगलगायी पुरतात आणि हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात घर करणारे) नकोत, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की गॅलनला (सुमारे ३.८ लिटरला) दोन जीव हा सगळीकडे चालणारा हिशोब आहे, म्हणजे ६० लिटरला तीसेक हवेत. शिवाय तुमच्या मते रिकामे शंख ठेवले की हर्मिट कुणाला त्रास देत नाहीत. क्वारंटाइनबद्दल, म्हणजे नवे जीव आधी वेगळे ठेवण्याबद्दल, मी अवाक्षर काढलेलं नाही, हीही तुमची तक्रार. फोटोतली ट्रोकस गोगलगाय ही ट्रोकस नाहीच. आणि शेवटी हे वाक्य: ‘ताई, सहा गोगलगायींत टाकी साफ राहते असं सांगणाऱ्याने टाकी फक्त फोटोत पाहिली असावी.’

फोटोचं आधी मान्य करते. ती ॲस्ट्रिया ही दुसऱ्या जातीची गोगलगाय आहे, नाव चुकलं. ही चूक अगदीच किरकोळ नाही, कारण ॲस्ट्रिया वाळूवर उताणी पडली की तिला सहसा आपली आपण सरळ होता येत नाही. कुणी उचलून ठेवली नाही तर ती तशीच मरते. ट्रोकस बहुतेक वेळा स्वतः सरळ होतो. म्हणूनच मी ट्रोकस सुचवला होता, आणि नेमका त्याच्याच जागी दुसरीचा फोटो लागला. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

आता त्या वाक्याकडे येते. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच दमात समोरचीला खोटं पाडायचं, हे मला पटलेलं नाही. आकडा चुकीचा वाटला तर तो का चुकीचा आहे ते लिहायचं. मी टाकी पाहिली आहे की नाही हे तुम्हाला कुठून कळलं?

माझी पहिली टाकी ६० लिटरचीच होती. तिसऱ्या आठवड्यात काचेवर, वाळूवर, दगडांवर तपकिरी थर चढला. मी घाबरले. विकणाऱ्याने तुमचाच हिशोब सांगितला आणि मी तीस जीव आणले: टर्बो आणि ॲस्ट्रिया गोगलगायी, हर्मिट, आणि वाळू चाळणारा एक तारामासा. दहा दिवसांत टाकी लख्ख झाली. त्या दिवशी मला कुणी ‘सहा पुरतात’ म्हटलं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढे काय झालं ते सांगते. तो तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा होता. नव्या टाकीत तो येतोच, आणि पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की बहुधा आपोआप ओसरतो. म्हणजे ज्या खाण्याच्या भरवशावर मी तीस तोंडं आणली ते खाणं तसंही संपणारच होतं. पण गोगलगाय उपाशी पडली म्हणून दुसऱ्या दिवशी मरत नाही. ती आठवडेच्या आठवडे तग धरते, काचेवर एकाच जागी चिकटून राहते, मग खाली पडते. माणसाला वाटतं पाणी बिघडलं. मलाही तसंच वाटलं. मी पाणी बदलत राहिले, क्षारता मोजत राहिले. ती समुद्राइतक्याच १.०२५ वरून हललेली नव्हती. एक टर्बो दगडामागे मेला आणि मला दिसला नाही. मेलेल्या गोगलगायीचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही, पण तेव्हा मी तो घेतलेला नव्हता. एवढ्याशा पाण्यात विषारी अमोनिया चढायला एक मोठा टर्बो पुरला. त्यात माझी क्लीनर कोळंबी गेली. तारामाशाचे हात टोकांकडून झिजत गेले. त्याला जेवढी वाळू लागते तेवढी माझ्या टाकीत कधीच नव्हती.

त्या दिवसांत सकाळी उठून रिकामे शंख मोजलेत मी. फोटोत नाही, हातात घेऊन.

म्हणून गॅलनचा हिशोब मला मान्य नाही. गोगलगाय पाणी खात नाही, शेवाळ खाते. एकाच मापाच्या दोन टाक्यांपैकी एकीत दगड जुना आणि उजेड भरपूर असेल, दुसरी महिन्याभराची कोरी असेल, तर दोघींना सारखीच तोंडं कशी पुरतील? माझे सहा असे आहेत: काचेला आणि दगडाला दोन ट्रोकस, वाळूत आणि फटींत रात्री फिरणारे तीन सेरिथ, आणि माशांचं सांडलेलं खाणं उचलायला एक नॅसेरियस. तो शेवाळाला तोंड लावत नाही, हे मी लेखात स्पष्ट लिहिलं आहे. दीड-दोन महिने बघा. काचेवरचा थर त्यांच्या पोटापेक्षा वेगाने वाढत असेल तर आणखी दोन आणा. वाढवणं सोपं आहे, उपाशी मेलेल्यांना परत आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या वाक्यात गृहीत धरलेली आहे. टाकी साफ ठेवणं हे गोगलगायींचं एकट्यांचं काम नाही. त्या शेवाळ खातात आणि त्याचीच विष्ठा पाण्यात सोडतात. नायट्रेट, फॉस्फेट टाकीतच राहतं. ते बाहेर जातं पाणी बदलल्यावर, स्किमरमधून (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्रातून), किंवा तुम्ही हाताने शेवाळ उपटून फेकल्यावर. लालसर बुळबुळीत सायनो जीवाणूंचा थर तर हा क्रू जवळजवळ खातच नाही. तिथे तीस काय, शंभर आणले तरी थर जागचा हलणार नाही. खाणं कमी घाला, पाण्याचा प्रवाह वाढवा, थर नळीने ओढून काढा. आठवड्यातून एकदा काच स्वतः पुसायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

हर्मिटबद्दल फार लिहीत नाही. रिकामे शंख ठेवूनही माझ्याकडे एका हर्मिटने जिवंत ॲस्ट्रियाला ओढून काढून तिचं घर बळकावलं. तुमच्याकडे तसं झालं नसेल, चांगलं आहे. मोठ्या टाकीत मी कदाचित ठेवेनही. लहान टाकीत नाही.

क्वारंटाइन हा त्या लेखाचा विषय नव्हता. नवीन जीवांना थेंब-थेंब पाणी देत तासभर सवय करून द्या, कारण क्षारतेतला झटका त्यांना सोसत नाही. आणि माशांना तांब्याचं औषध दिलेल्या टाकीत त्यांना ठेवू नका, हे मी लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की सहाचा आकडा दिसताच प्रतिक्रिया लिहायला घेतलीत, ते तुम्हालाच ठाऊक.

तुमची टाकी किती जुनी आहे, तीसांतले आज किती जिवंत आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन मोजा, बहुतेक तेव्हाच बाहेर येतात. दगडांच्या मागेही बघा. जो आकडा येईल तो इथे लिहा, मी तो प्रामाणिकपणे वाचेन, आणि मी चुकले असेन तर तसं म्हणेन.

फोटोखालचं नाव आज सकाळी बदललं आहे. सहाचा आकडा तसाच ठेवला आहे.