खुलासा : झोपताना थंड दूध प्यायल्याने जळजळ बरी होत नाही

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'तांबडा रस्सा, मिसळ खाऊन छातीत जळजळतंय? रोज झोपताना ग्लासभर थंड दूध प्या, ॲसिडिटी मुळापासून जाईल.' हे खरं नाही.

दुधानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे जठर पुन्हा आम्ल सोडतं. शिवाय भरल्या पोटी आडवं झालं की त्रास वाढतोच. कारण मूळ दुखणं बहुतेकदा जास्त आम्लाचं नसतं. अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथला झडपेसारखा स्नायू सैल पडतो आणि आम्ल वर येतं. तेलकट जेवण, तंबाखू, दारू, पोटाचा वाढलेला घेर यांनी तो आणखी सैलावतो किंवा त्याच्यावर दाब येतो.

म्हणून रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका. रश्श्यावरचा कट कमी घ्या. रस्सा सोडाच असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाला सोसणारं वेगळं असतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा.

आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा जळजळ होत असेल, घास अडकत असेल, वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच. आणि छातीत दाब, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर कृपा करून दूध शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.