आमच्या बालगृहातल्या खाटा कमी झाल्या, याचं मला वाईट वाटत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल. आम्ही होतो तेव्हा तिथे ४० लोखंडी खाटा होत्या, प्रत्येक खाटेखाली एक पत्र्याची पेटी, पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर. माझा २७. फोटोत एकही खाट नव्हती. भिंतीकडेला बाकं लावलेली आणि एक नवा फळा. खाली कुणीतरी लिहिलं, "संपलं गं आपलं घर." मग रडक्या चेहऱ्यांची रांगच लागली. मी तिथे काही लिहिलं नाही. जे वाटलं ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

१९९५च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या या मिशनच्या बालगृहात आले तेव्हा दुसरीत होते. २००४ला दहावी करून बाहेर पडले. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्या नऊ वर्षांत आम्हाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा, वाढदिवसाचा केक घेऊन येणारा, चादरी वाटणारा, आम्हाला 'अनाथ मुली' म्हणायचा. मी अनाथ नव्हते. माझी आई काशेवाडीत राहत होती, पीएमटीच्या बसने पाऊण तासावर. आमच्या हॉलमधल्या बहुतेक जणींना आई होती. काहींना वडीलही होते.

आई कागद-पत्रा वेचायची. पहाटे चारला पोतं घेऊन निघायची, दुपारी भंगारवाल्याकडे माल घालून परत यायची. वडील गेलेले. धाकटा भाऊ तिच्या कमरेवर असायचा आणि मी पत्र्याच्या खोलीत दिवसभर एकटी. शेजारच्या एका माणसाची नजर आईला बरी वाटेना. मला बालगृहात ठेवण्यामागे एवढंच कारण होतं. वस्तीतल्या एका बाईने सिस्टरांचा पत्ता दिला, आईने एका पानाच्या अर्जावर अंगठा उठवला आणि मी आत आले.

आत काय होतं ते नीट सांगते, कारण बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांपुढे एकतर तुरुंग येतो नाहीतर स्वर्ग. पहाटे साडेपाचला घंटा. तोंड धुवून प्रार्थना, मग कामाची पाळी: कुणी जिना झाडायचा, कुणी संडास धुवायचे, कुणी भाजी निवडायची. मला भाजी आवडायची, कारण स्वयंपाकघरातल्या मावशी मेथी निवडताना गोष्टी सांगायच्या. नाश्त्याला उपीट नाहीतर रात्रीच्या पोळीचा कुस्करा. मोठ्या मुलीने धाकटीची वेणी घालायची, असा नियम होता. माझी वेणी घालणारी ताई इतकी घट्ट ओढायची की डोळे ताणले जायचे, आणि सुट्टीत ती गावी गेली की मला त्या ओढीचीच आठवण यायची. रविवारी उवांची फणी, खोबरेल आणि दुपारी अंड्याची आमटी. अर्धं अंडं वाट्याला यायचं.

सातवीत मला टायफॉईड झाला. एक सिस्टर माझ्या खाटेशेजारी खुर्ची टाकून रात्रीमागून रात्री बसून राहिल्या. केरळच्या होत्या, मराठी मोडकं बोलायच्या, पण गणित असं शिकवायच्या की आजही मुलाला अपूर्णांक समजावताना माझ्या तोंडून त्यांचेच शब्द येतात. त्यांचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी कुठेही सांगेन.

कॉमेंटमध्ये विचारणारच आहात, तर आत्ताच सांगते. धर्म बदलायला कुणी लावलं नाही. प्रार्थनेला बसावं लागायचं, हे खरं. आई १४ एप्रिलला अर्ज घेऊन यायची आणि सिस्टर मला घरी सोडायच्या, हेही खरं.

मला खुपतं ते दुसरंच.

आम्हा प्रत्येकीला परदेशातून मदत करणारं एक कुटुंब होतं. नाताळच्या आधी त्यांना पत्र लिहायचं. फळ्यावर मजकूर लिहिलेला असायचा, तो आम्ही उतरवून काढायचो. मी बरी आहे, अभ्यास करते, तुमचे आभार मानते. नऊ वर्षांत नऊ पत्रं लिहिली आणि एकातही आईबद्दल ओळ नव्हती. लिहू नका असं कुणी सांगितलं नाही. फळ्यावर ती ओळच नसायची. तिकडे कुणीतरी भली माणसं माझ्यासाठी दर महिन्याला पैसे पाठवत होती, आणि ज्या बाईला त्यातले थोडे मिळाले असते तर मी तिच्याजवळ राहू शकले असते, ती बाई त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन ते पाच भेटीची वेळ. आई खारी आणि पेरू घेऊन यायची. पाचची घंटा झाली की ती आधी उठायची. मला उठवायला नको म्हणून.

पुण्याच्या माणसाला हा विषय काढला की पंडिता रमाबाई आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. १८९०मध्ये त्यांनी विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुलींना त्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुलींना परत जायला घर नव्हतं, घरात अन्न नव्हतं. तिथे मोठी वास्तू बांधणं हेच उत्तर होतं. पण एक गोष्ट लोक विसरतात. रमाबाई स्वतः विधवा होत्या, मुलगी होती मनोरमा, आणि पुढे या मायलेकींनी एकाच छपराखाली काम केलं. त्यांच्या संस्थेत विधवांनाही जागा होती. म्हणजे आईला दाराबाहेर ठेवून फक्त मुलगी आत घ्यायची, ही रीत काही त्यांची नव्हे. ती नंतर कधीतरी सोयीने पडत गेली.

आता कायदा बदललाय. २०१५चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६पासून लागू झाला. अंगठ्यावर प्रवेश मिळत नाही. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या बालकल्याण समितीसमोर मूल न्यावं लागतं, घरची चौकशी होते, प्रत्येक मुलाच्या काळजीचा वेगळा आराखडा करावा लागतो. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलंय. आमच्या सिस्टर आधी या कागदांना वैतागल्या होत्या. मग टाळेबंदीत पुष्कळ मुली घरी गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत. आमच्या वेळी शंभराच्या वर होतो, आता २२ आहेत. या २२ जणींना खरोखरच जायला जागा नाही. त्यांच्यासाठी घर उघडं राहिलंच पाहिजे, आणि तिथे आता आठ-आठ जणींच्या खोल्या आहेत, पेट्यांवर नंबर नाहीत.

म्हणून मला वाईट वाटत नाही. मला काळजी वाटते ती घरी गेलेल्यांची. मूल संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढावं म्हणून आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाची, महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपये आहेत. कागदावर हे मोलाचं आहे. पण आईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि बँकेचं खातं लागतं, आणि पहाटे चारला कामाला जाणाऱ्या बाईची ऑफिसच्या वेळेत रांगेत उभं राहायची ताकद कुठून येणार? ज्या दिवशी ती रांगेत, त्या दिवशी चूल बंद. पैसे चार-पाच महिने तटले तर मुलगी शाळेतून निघून धुण्याभांड्याला लागते, आणि तेव्हा तिच्या आराखड्याची फाईल कुणी उघडत नाही.

पैशाने काय होतं ते मी घरातच पाहिलंय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ला उभी राहिली, आई तिची सभासद झाली. पुढे २००८च्या सुमाराला कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि तिला दारोदारी कचरा गोळा करायची ठरलेली घरं मिळाली. ठरलेली वेळ, महिन्याचे ठरलेले पैसे. तेव्हा मी वीस वर्षांची होते. हेच १९९५ला असतं तर, असं माझ्या मनात किती वेळा येऊन गेलंय.

परवा आईला तो फोटो दाखवला आणि इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. तेव्हा कुणी महिन्याला पैसे दिले असते तर मला घरी ठेवलं असतंस का?

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. म्हणाली, "पैशानं त्या माणसाची नजर थोडीच बदलली असती? आन् तुझी धावी कुणी करून घेतली असती, मी?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "दिवसभर तिथंच ठिवलं असतं. शाळा, जेवन, अभ्यास. रातच्याला घेऊन आले असते. रात्री तू पायजे व्हतीस."

त्या हॉलमध्ये आता हेच होणार आहे. सिस्टरांनी आसपासच्या वस्त्यांतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढलीय. शाळा सुटल्यावर यायचं, खाऊन अभ्यास करायचा आणि साडेआठला जिच्या तिच्या आईने घरी न्यायचं. शिवाय दोन सिस्टर रोज दुपारी वस्त्यांत फिरून बालसंगोपनचे अर्ज भरून घेतात, बायकांबरोबर ऑफिसातही जातात. ग्रुपवरच्या माझ्या बहिणींनो, आपलं घर संपलेलं नाही. फक्त रात्रीच्या वेळी मुली आपापल्या आईकडे असतील.

जूनपासून सुरू होतंय. सहा ते साडेआठ, गणित आणि इंग्रजीला माणसं हवीत. मंगळवार आणि शुक्रवार मी घेतलेत. बाकीचे वार मोकळे आहेत.