सरकली का शकुंतला?

भाव वाढेल म्हणून यंदाही कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या मधल्या खोलीचं दार आत उघडणारं. डिसेंबरात ते अर्धं उघडायचं, संक्रांतीला वीतभर, आणि एक दिवस आतला ढीग घसरला तेव्हा दारानं उघडणंच सोडलं. शेवटी खिडकीचा गज काढून पोराला आत सोडला. तो कापसाचं बोंड होऊन बाहेर आला आणि रात्रभर खाजवत बसला.

"सुतार बोलवा नं जी," बायको म्हणाली.

मी म्हटलं, सुतार कशाला? सरकतं दार करू, भंगार काय कमी आहे घरात? तसं शेतकऱ्याच्या घरी भंगार नसतंच, 'कामी येईल' असं सामान असतं. जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या होत्या, बोअरमधून काढलेला दीड इंची लोखंडी पाइप होता, जळालेले दोन पंखे होते. पाइपाला खालून लांब फट पाडायची, आत पंख्याची बेअरिंगं पळवायची, बेअरिंगांना दार टांगायचं. वहीत काढलेलं चित्र फार देखणं होतं.

दार तीन फुटांचं, म्हणजे पाइप सहा फुटांचा. एवढं गणित जमलं. पण वेल्डिंगवाल्यानं कटरनं फट पाडली तसा पाइप कमरेत वाकला. "ताण निंगाला त्याचा, भाऊ," तो म्हणाला, "आता तुमचा चालू होते."

पंख्यात बेअरिंगं दोन असतात, पण जुळी नसतात, हे मला मणभर वजनाचं दार टांगल्यावर कळलं. एक निघालं 6202 नंबरचं, दुसरं 6201. पहिलं 35 मिलिमीटर व्यासाचं, दुसरं 32. मी एका पंख्याची जोडी मोठ्या विश्वासानं लावली होती, त्यामुळं दार एका खांद्यानं उतरलं आणि खालचा कोपरा फरशी खरडू लागला. मग दुसरा पंखा फोडून त्यातलं 6202 काढलं. हातोडीचे दोन घाव बेअरिंगवर, तिसरा अंगठ्यावर. नळीत पाणी भरून पाइपाची लेव्हल घेतली. पाइप लेव्हलात आला, घर नाही आलं.

तरी ढकललं. दार कर्रकन हातभर गेलं, थांबलं, जरा विचार केला आणि पुन्हा हललं. सपरीत तंबाखू मळत बसलेले आबाजी म्हणाले, "हे तं शकुंतलाच हाय!" शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी, 762 मिलिमीटर अंतराच्या अरुंद रुळांवरची. तीही कापूस वाहायलाच टाकलेली. चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून पुन्हा चढता यायचं, असं आबाजी शपथेवर सांगतात. गाडी थांबली त्याला वर्षं झाली, पण त्या दिवसापासून पानठेल्यावर मला एकच प्रश्न: "सरकली का शकुंतला?"

चौथ्या दिवशी सरकली. ग्रीस पाजल्यावर एका बोटानं! मी घरदार गोळा केलं आणि दार उघडून दाखवलं. आत अंधार.

"दिवा लाव नं, बाबू," आई म्हणाली.

मी सवयीनं भिंतीकडं हात नेला, तर हाताला लागलं सागवान. बटणांचा बोर्ड उघड्या दारामागं गेला होता. बोर्डाला दार अडू नये म्हणून मीच पाइप भिंतीपासून तीन इंच पुढं घेतला होता, आणि त्या हुशारीबद्दल वेल्डिंगवाल्याला चहाही पाजला होता. बोर्डाला जागा ठेवली, हाताला ठेवायची राहिली.

त्या फटीत फक्त पोराचा हात जातो. म्हणजे दार उघडं असताना दिवा लावायचा तर आधी पोराला हाक मारायची, मग तो स्टूल आणतो. कापसाचा भाव आहे तिथंच आहे. पोरानं मात्र परवा दिवा लावायचे पाच रुपये मागितले, आणि काल दहा.