‘सगळे पैसे पगारातच जातात’ : एका संदेशाची झाडाझडती

फोनवर फिरणारा हा संदेश बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेला असेल. आधी मोठमोठ्या सेवाभावी संस्थांच्या प्रमुखांचे पगार, मग कुणाची तरी आलिशान गाडी, आणि खाली निष्कर्ष: संस्थांना पैसे देऊ नका, ते पगारात आणि कार्यालयातच जिरतात. द्यायचंच असेल तर वस्तू द्या, नाहीतर स्वतः जाऊन राबा. खरी सेवा फुकटच असते.

आधी पगारांचं बघू. ही यादी २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ई-मेलांमधून फिरायला लागली. नंतर तिच्यात भर पडत गेली, आणि युनिसेफच्या अमेरिकी शाखेच्या प्रमुखांना वर्षाला १२ लाख डॉलर आणि वर रोल्स रॉइस मिळते, हेही त्यात आलं. संस्थेने खुलासा केला की गाडी नव्हतीच. पगार होता सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. तोही जास्त वाटत असेल तर जरूर भांडा, पण खऱ्या आकड्यावर भांडा.

या यादीमागचं गृहीतक असं: एकूण खर्चात पगार, कार्यालय अशा प्रशासकीय खर्चाची टक्केवारी ज्या संस्थेची कमी, ती प्रामाणिक. ऐकायला पटतं. पण जून २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी अमेरिकेतल्या देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की या टक्केवारीवरून संस्थेचं काम जोखता येत नाही. संस्था पारखणं हेच या तिघींचं काम, त्यामुळे त्यांनी असं म्हणण्याला वजन आहे. हिशेबनीस नाही, संगणक जुनाट, नोंदी कुणी ठेवत नाही, अशा संस्थेचा खर्च कागदावर छान दिसतो. मदत कुठे पोचली हे मात्र तिलाच सांगता येत नाही.

‘म्हणजे लबाड संस्था नसतातच का?’ असतात की. २०१५ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने सर्व ५० राज्यांना सोबत घेऊन कर्करुग्णांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या चार संस्थांवर दावा ठोकला. आरोप होता १८ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रकमेचा. रुग्णांच्या नावाने आलेल्या पैशांतून गाड्या घेतल्या, सहली केल्या, कॉलेजची फी भरली. मजा पुढेच आहे. दाव्यानुसार या संस्थांनी परदेशी पाठवल्याचं दाखवलेल्या वस्तूंची २२ कोटी डॉलरहून अधिक किंमत हिशेबात घुसवून आपला प्रशासकीय खर्च किरकोळ दाखवला होता. म्हणजे टक्केवारी पाहून देणाऱ्यालाच ठक चांगले वाटले असते.

आता वस्तू. माझ्या मते संदेशातला सर्वात घातक सल्ला हाच, कारण तो चांगल्या मनाने पाळला जातो. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं. त्यातलं ओळखता येण्याजोगं, उपयोगाचं आणि वाटायला सोपं असं जेमतेम ३० टक्के होतं. काहींची मुदत संपलेली, काहींवरची भाषा कुणालाच कळेना. नेमकं काय आलंय हे समजायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. बोस्नियातल्या युद्धकाळात तर निरुपयोगी औषधांचा ढीग अंदाजे १७,००० टनांवर गेला आणि त्याची विल्हेवाट लावणं हा वेगळाच खर्च होऊन बसला. अखेर १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला औषधदानाचे नियम काढावे लागले: मागितलेलंच पाठवा, आणि पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या. पैसे दिले तर हवं ते, हव्या त्या मापाचं, बहुतेक वेळा जवळच्याच बाजारात विकत घेता येतं. तिथले दुकानदारही उभे राहतात.

राहिली फुकट सेवा. अनाथाश्रमात आठवडाभर मुलांशी खेळून येणं अनेकांना सेवेचं सगळ्यात निर्मळ रूप वाटतं. पण अनेक देशांत अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून काही ठिकाणी मुलं गोळा केली जातात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात या स्वयंसेवी पर्यटनाचा धोका नोंदवला. शिवाय दर आठवड्याला नव्या माणसाचा लळा लागायचा आणि तुटायचा, हे मुलांच्या वाट्याला येतं ते वेगळंच.

फुकट सेवेचं खरं उत्तम उदाहरण म्हणजे रक्तदान. ते ऐच्छिक आणि विनामोबदला असावं, असा आग्रह जागतिक आरोग्य परिषदेने १९७५ मध्येच धरला. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत काय झालं? दात्यांच्या रांगाच रांगा लागल्या, आणि हल्ल्यातल्या जखमींसाठी २६० पिशव्याही लागल्या नाहीत. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, त्यामुळे बरंच रक्त मुदत संपून टाकून द्यावं लागलं. दाते फुकट होते, त्यांच्या मनात खोट नव्हती. तरी रक्त तपासणारे, थंड ठेवणारे आणि ‘आज नको, नंतर या’ सांगू शकणारे लोक लागतातच. तिथल्या नियमांप्रमाणे एकदा रक्त दिलेला माणूस ५६ दिवसांनी पुन्हा देऊ शकतो. त्या दिवशी आठवणीने त्याला फोन करणारं माणूस बहुधा पगारी असतं.